वकील घराणं, विद्यापीठ आणि पणजोबांच्या नावाचं पदक : कागद नीट कसा करावा?

गोदाकाठ (धागाकर्ता), सोमवार रात्री ९.१०

नाशिकच्या एका वकील कुटुंबाच्या वतीने हा धागा काढतोय. नावं मुद्दाम देत नाही. तीन पिढ्या दिवाणी वकिली. मधल्या पिढीतले एक जण लॉ कॉलेजात शिकवायचे, आताच्या पिढीतल्या एक बाई विद्यापीठाच्या एका मंडळावर आहेत. पहिल्या पिढीतल्या वकिलांच्या, म्हणजे आताच्या मुलांच्या पणजोबांच्या, नावाने सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे कायम ठेव ठेवायची आहे. रक्कम १० लाख. तिच्या व्याजातून दरवर्षी एलएलबीला एक सुवर्णपदक आणि जमलं तर नाशिकमध्ये एक व्याख्यान. शिवाय वाड्याच्या माडीवर साधारण १,८०० पुस्तकं आहेत, त्यात लॉ रिपोर्टच (कोर्टाचे निकाल छापलेले खंड) जास्त. आणि लाल फडक्यात बांधलेली पक्षकारांची दप्तरं.

अटींचा मसुदा कोणी करायचा, त्यात काय काय हवं? १० लाखांत पदक आणि व्याख्यान दोन्ही निभेल का? पुस्तकं विद्यापीठ घेईल का? "आधी पैसे भरून टाका, अटींचं नंतर बघू" असा सल्ला एका हितचिंतकाने दिलाय. ऐकावा का?

जुना नाझर, सोमवार रात्री ९.४५

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी : ऐकू नये.

एकदा पुरी झालेली देणगी देणाऱ्याला आपल्या मर्जीने परत घेता येत नाही (मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम १२६). पैसे खात्यात पडले की अटींवर बोलायला तुमच्या हातात काही उरत नाही. क्रम असा ठेवा. कुलसचिवांच्या नावे प्रस्तावाचं पत्र, त्याला जोडून अटींचा तुमचाच मसुदा. तो वित्त व लेखा, परीक्षा आणि विधी अशा टेबलांवरून फिरून व्यवस्थापन परिषदेपुढे जातो. परिषदेने ठराव केला की ठरावाची प्रत मागून घ्या, मसुद्यातला शब्द न् शब्द ठरावात आहे का ते पडताळा, मग दोन्ही बाजूंच्या सह्यांचा करारनामा. रक्कम सगळ्यात शेवटी.

मसुदा विद्यापीठाने करून द्यावा अशी वाट बघत बसू नका. छापील नमुन्यात देणगीदाराचं नाव, रक्कम आणि पदकाचं नाव एवढ्याच रिकाम्या जागा असतात. पुढे भांडण होतं ते नमुन्यात नसलेल्या गोष्टीवरून.

दुसरं, नाशिक उपकेंद्राला वेगळं कायदेशीर अस्तित्व नाही. देणगी घेणार विद्यापीठच. त्यामुळे "कार्यक्रम नाशिकलाच व्हावा" ही अट करारात लिहावी लागेल, उपकेंद्राच्या नावे धनादेश काढून ती आपोआप येणार नाही. आणि पदवीप्रदान समारंभाच्या दीड महिना आधी प्रस्ताव देऊन त्याच वर्षी पदक मिळेल ही आशा सोडा. परिषदेची बैठक, ठराव, इतिवृत्त कायम होणं, सगळ्याला वेळ लागतो.

हिशेबनीस, सोमवार रात्री १०.३०

१० लाखांचा हिशेब मांडतो. व्याज ६.५ टक्के धरलं तर वर्षाला ६५,००० हातात येतात. लोक इथेच थांबतात आणि फसतात.

महागाई ५ टक्के धरा. पदकाची किंमत आज आहे तेवढीच कायम राहायला हवी असेल तर दरवर्षी मुद्दलात ५ टक्के, म्हणजे ५०,००० परत टाकावे लागतील. खर्चाला उरतात १५,०००. १० लाखांची खरी कायमची ताकद एवढीच.

उलट बाजू बघा. सगळे ६५,००० दरवर्षी उडवले तर मुद्दल कागदावर १० लाखच राहतं, पण १० वर्षांनी त्याची किंमत आजच्या ६ लाख १४ हजारांएवढी होते, २० वर्षांनी ३ लाख ७७ हजार. जुनी पदकं अशीच मेली. १०,००० रुपयांची ठेव, व्याज ६००. त्यात पदक सोडा, पदकाची डबी येत नाही. मग विद्यापीठ पदकाऐवजी प्रमाणपत्र देतं, नाहीतर तीन वर्षांचं व्याज साठवून एकदाच देतं.

मधला मार्ग : करारात लिहा की व्याजाचे ४० टक्के दरवर्षी मुद्दलात जमा होतील. पहिल्या वर्षी खर्चाला ३९,००० मिळतील आणि मुद्दल वर्षाला २.६ टक्क्यांनी वाढून १० वर्षांत १२ लाख ९३ हजारांवर जाईल. महागाईला पुरतं हरवत नाही, पण मुद्दल तिच्यामागे पळायला तरी लागतं. जोडीला "दर १० वर्षांनी कुटुंब मुद्दलात भर घालू शकेल, त्यासाठी नवा ठराव लागणार नाही" असं एक वाक्य टाका.

म्हणून सांगतो, या रकमेत एकच धरा. पदक ठेवीतून, आणि व्याख्यान त्या-त्या वर्षीच्या वेगळ्या देणगीतून. वक्त्याचा प्रवास, मुक्काम, मानधन, सभागृह, ध्वनी, निमंत्रणं आणि चहा हे सगळं ३९,००० मध्ये बसवून वर पदकही काढायचं म्हटलं तर तिसऱ्या वर्षी दोन्ही बंद.

सराफ बाजार, मंगळवार सकाळी ८.०५

पदकाबद्दल. "सुवर्णपदक" हा शब्द करारात आला की ते कशाचं हे लिहिलंच पाहिजे. ४० मिलिमीटर व्यास आणि ३ मिलिमीटर जाडीचं पदक घ्या. चांदीत ते साधारण ३९-४० ग्रॅम भरतं. तेच शुद्ध सोन्यात ७२ ग्रॅमच्या आसपास. २०२५ मध्ये सोनं १० ग्रॅमला लाखाच्या पुढे गेलं, त्यामुळे पुढचा गुणाकार सांगायला नको. विद्यापीठं देतात ती बहुतेक चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेली पदकं. त्यात कमीपणा काही नाही, फक्त तसं लिहावं : "९२५ शुद्धतेची चांदी, सोन्याचा मुलामा, व्यास ४० मिमी". वजन लिहू नका. भाव वाढला की वजन पाळताना ठेव कोसळते. व्यास लिहिला तर जाडी थोडी कमी करून निभावता येतं.

मुलामा अर्ध्या मायक्रॉनचा असेल तर चार-पाच पावसाळ्यांत कडेला काळं यायला लागतं. चांदी वर झिरपते आणि हवेतल्या गंधकाने काळवंडते. किमान २ मायक्रॉन मागा. मुलाम्याखाली निकेलचा थर दिला तर आणखी टिकतं.

ठसा (पदक पाडायचा साचा) हा एकदाच होणारा खर्च. त्यावर वर्ष कोरू नका! पुढच्या वर्षी तो ठसा वाया. पुढच्या बाजूला चेहरा किंवा बोधचिन्ह आणि पदकाचं नाव. मागची बाजू कोरी ठेवून तिथे दरवर्षी विद्यार्थ्याचं नाव आणि वर्ष कोरून घ्यायचं. ठशाची मालकी विद्यापीठाची की कुटुंबाची हेही लिहा. कारागीर बदलला की ठसा हरवतो, मग नवा ठसा आणि नवा चेहरा. काही पदकांवरचे गृहस्थ दर १५ वर्षांनी वेगळेच दिसतात ते त्यामुळे.

पंचवटी_७७, मंगळवार सकाळी ९.२०

+१. शेवटच्या वाक्याला तर दोनदा.

मसुदेवाला, मंगळवार दुपारी १.१५

आता अटी. पाच ठिकाणी गाडी अडते.

पहिली, विषयाचं नाव. "भारतीय पुरावा कायदा, १८७२ या विषयात सर्वाधिक गुण" अशी अट असलेलं पदक आज कोणाला द्यायचं? १ जुलै २०२४ पासून तो कायदाच नाही, त्याजागी भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ आला. दंड संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहितेचंही तेच. कार्यालयातला माणूस अक्षराला धरून चालतो, चालायलाच हवं. म्हणून लिहा : "पुराव्याचा कायदा हा विषय, तो त्या वेळी ज्या नावाने व ज्या अधिनियमाखाली शिकवला जात असेल".

दुसरी, अभ्यासक्रम. तीन वर्षांचा एलएलबी आणि पाच वर्षांचा बीए-एलएलबी यांची गुणपद्धत आणि विषयांचा क्रम वेगळा. दोन्हींना मिळून एक पदक ठेवलं की तुलना कशी करायची यावर तक्रार ठरलेली. एकच निवडा किंवा विषम वर्षी एक, सम वर्षी दुसरा. "टक्के" हा शब्द टाळा. श्रेयांक पद्धतीत सीजीपीए असतो आणि त्याचे टक्के करायचं सूत्र बदलतं. "विद्यापीठाच्या प्रचलित मूल्यमापनानुसार प्रथम" पुरेसं.

तिसरी, बरोबरी. दोघांना समान गुण पडले तर? दोन पदकं काढायची तर पैसे कुठून? क्रम लावून ठेवा : आधी अंतिम वर्षाचे गुण, मग ठरावीक विषयाचे, तरीही बरोबरी राहिली तर पदक दोघांना आणि दुसऱ्या पदकाचा खर्च साठलेल्या व्याजातून. "एटीकेटी न घेता, पहिल्या प्रयत्नात" हवं असेल तर तेही इथेच. आणि निकाल पुनर्मूल्यांकनानंतरचा धरायचा. यातून कोर्टकचेऱ्या झालेल्या आहेत.

चौथी, कोणाला. "नाशिक जिल्ह्यातल्या संलग्न विधी महाविद्यालयातून परीक्षा दिलेला विद्यार्थी" ही अट चालते. जात किंवा धर्म घालून बांधलेली अट सार्वजनिक विद्यापीठ घेणार नाही, घेऊही नये. संविधानाचं कलम १५ त्याला लागू आहे. मुलींसाठी पदक ठेवायचं तर १५(३) चा आधार आहे.

पाचवी, "असं झालं नाही तर काय". पात्र विद्यार्थी नसेल तर व्याज मुद्दलात. अभ्यासक्रम बंद झाला, विद्यापीठाचं विभाजन झालं, नाशिकला स्वतंत्र विद्यापीठ झालं, तर ठेव कुठे जाईल? "शक्य तितक्या जवळच्या हेतूसाठी, नाव कायम ठेवून, कुटुंबाच्या प्रतिनिधीला ३० दिवसांची लेखी सूचना देऊन" हे वाक्य असलंच पाहिजे. प्रतिनिधी म्हणजे कोण तेही लिहा. "ज्येष्ठ पुरुष वारस" वगैरे नको, "कुटुंबाने लेखी कळवलेली व्यक्ती, तसं न कळवल्यास विद्यापीठाचा निर्णय अंतिम".

चहा_कटिंग, मंगळवार दुपारी ३.४०

एवढा खटाटोप पुण्याच्या विद्यापीठासाठी कशाला? नाशिकच्याच लॉ कॉलेजला द्या की. वर्षाकाठी गेटमधून आत जाऊन बघता तरी येईल.

जुना नाझर, मंगळवार संध्याकाळी ६.००

वाईट विचार नाही, पण कागद वेगळा होतो. संलग्न कॉलेज एखादी शिक्षण संस्था चालवते आणि ती बहुधा नोंदणीकृत सार्वजनिक न्यास असते. पावती संस्थेच्या नावे, ठेव संस्थेच्या हिशेबात, लागू होतो महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०. हेतू पाळणं अशक्य झालं तर त्याच कायद्याच्या कलम ५५ खाली दाद मागायची सोय आहे, आणि सह धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय नाशिकलाच आहे, ही जमेची बाजू. तोट्याची बाजू अशी की पदक एका कॉलेजपुरतं राहतं, विद्यापीठाच्या पदवीप्रदान समारंभात ते येत नाही.

"कायमची ठेव म्हणजे शाश्वततेविरुद्धचा नियम (मालमत्ता पिढ्यान् पिढ्या बांधून ठेवायला मनाई करणारा) आड येत नाही का?" असं कुणी विचारण्याआधी : सार्वजनिक हितासाठी दिलेल्या मालमत्तेला तो लागू होत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम १८.

निफाडकर, मंगळवार रात्री १०.५०

शाश्वततेचा विषय निघालाच आहे तर थोडं मागे जाऊ. वकील घराणी आणि विद्यापीठं यांचं नातं आपल्याकडे विद्यापीठांइतकंच जुनं आहे, आणि वरच्या प्रत्येक अटीला एकेक जुनं उदाहरण सापडतं.

प्रसन्नकुमार टागोर, कलकत्त्याचे मोठे सरकारी वकील, १८६८ मध्ये वारले. त्यांनी मृत्युपत्रात कलकत्ता विद्यापीठात कायद्याच्या अध्यापकासाठी महिना १,००० रुपयांची तरतूद केली. हीच ती टागोर लॉ लेक्चर्स, १८७० पासूनची. व्याख्यानं झाली की ती छापायचीही होती, आणि त्यामुळेच ती टिकली : आजही जुन्या वकिलांच्या कपाटात त्यांचे खंड दिसतात. धाग्यातल्या कुटुंबाने हे घ्यावं. नुसतं व्याख्यान हवेत विरतं. ३०-४० पानांची पुस्तिका छापून जिल्ह्यातल्या सगळ्या लॉ कॉलेजांना आणि बार लायब्ररीला दिली तर नाव राहतं.

गंमत पुढे आहे. त्याच मृत्युपत्राने मुलगा ज्ञानेंद्रमोहन याला डावललं, कारण तो ख्रिस्ती झाला होता. हा मुलगा साधासुधा नव्हे : इंग्लंडात बॅरिस्टर झालेला पहिला भारतीय आणि लंडन विद्यापीठात हिंदू कायद्याचा प्राध्यापक. खटला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत (लंडनमधलं तेव्हाचं शेवटचं अपील न्यायालय) गेला आणि १८७२ चा निकाल हिंदू कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतो : अजून जन्मलाच नाही अशा माणसाला देणगी देता येत नाही. बापाने पिढ्यान् पिढ्यांसाठी इस्टेट बांधून ठेवायचा घाट घातला होता, तो भाग कोसळला. व्याख्यानं मात्र चालू राहिली. त्याच व्याख्यानमालेत १८९८ साली आशुतोष मुखर्जींनी विषय घेतला "शाश्वततेचा कायदा". टागोरांच्या पैशावर टागोरांच्याच चुकीचा अभ्यास!

मुखर्जी घराणं तर या धाग्याचा नमुनाच. आशुतोष हायकोर्टाचे न्यायाधीश आणि कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू, १९०६ ते १९१४ आणि पुन्हा १९२१ ते १९२३. मुलगा श्यामाप्रसाद तिथेच १९३४ ते १९३८ कुलगुरू. दुसरा मुलगा रमाप्रसाद न्यायाधीश, आणि रमाप्रसादांचे चिरंजीव चित्ततोष आपल्या मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते.

आशुतोषांच्या काळातच बॅरिस्टर तारकनाथ पालित आणि वकील रासबिहारी घोष यांनी विज्ञान महाविद्यालयासाठी लाखो रुपये दिले. घोषांचे १९१३ चे १० लाख. अध्यासनांवर भारतीयच नेमावेत ही त्यांची अट योग्य ठरली. पण पालितांच्या नावाच्या अध्यासनावरच्या प्राध्यापकाने परदेशात प्रशिक्षण घेतलेलं असावं हे कलम आड आलं, कारण ज्यांना नेमायचं होतं ते चंद्रशेखर वेंकट रामन परदेशी जायला तयार नव्हते. कलम सैल करावं लागलं. हेतू कुठला आणि तपशील कुठला हे देणाऱ्यानेच वेगळं लिहून ठेवलं असतं तर सैल करायची वेळ आली नसती.

मुंबईत सेटलवाड. चिमणलाल सेटलवाड १९१७ ते १९२९, सलग १२ वर्षं मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. तोवर विद्यापीठ म्हणजे मुख्यतः परीक्षा घेणारं खातं. अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राचा विद्यापीठाचा स्वतःचा विभाग १९१९ मध्ये सुरू झाला तो त्यांच्याच कारकिर्दीत. १९२४ मध्ये डॉ. आंबेडकरांनी स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे ते अध्यक्षही होते. मुलगा मोतीलाल देशाचे पहिले महान्यायवादी (ॲटर्नी जनरल), १९५० ते १९६३.

आणि आपलं निफाड विसरू नका. न्यायमूर्ती रानडे इथे १८४२ मध्ये जन्मले. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक, आणि मराठीला विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पुन्हा जागा मिळावी म्हणून सिनेटमध्ये झगडले. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅरिस्टर जयकर, त्यांच्या नावाचं ग्रंथालय आजही तिथे आहे.

वाळवी, बुधवार सकाळी ७.३०

ग्रंथालयावरूनच पुढे. नावाला हसू नका, विषय तोच आहे.

आशुतोषांची पुस्तकं कुठे गेली? कलकत्ता विद्यापीठात नाही. कुटुंबाने ती राष्ट्रीय ग्रंथालयाला दिली, ८० हजारांच्या आसपास ग्रंथ, आणि तिथे तो संग्रह आजही वेगळा ठेवलेला आहे. म्हणजे पैसे एकीकडे आणि पुस्तकं दुसरीकडे यात काही वावगं नाही.

तुमच्या १,८०० पुस्तकांचा हिशेब : रिपोर्टचा खंड सरासरी ५ सेंटिमीटर जाड धरला तर ९० सेंटिमीटरच्या फळीवर १८ बसतात. सहा फळ्यांच्या कपाटात १०८, म्हणजे १७ कपाटं. वजन नगाला पावणेदोन किलो धरलं तर तीन टनांच्या वर. कुठलाही ग्रंथपाल आधी हाच गुणाकार करतो आणि मग गोड शब्दांत नाही म्हणतो. शिवाय निकाल आता ऑनलाइन मिळतात, तेव्हा एआयआरचा (ऑल इंडिया रिपोर्टर) अर्धामुर्धा संच कुणाला नको असतो. १९१४ पासूनचा अखंड संच असेल तर गोष्ट वेगळी. इंडियन लॉ रिपोर्ट्सची मुंबई मालिका (१८७६ पासून) आणि बॉम्बे लॉ रिपोर्टर (१८९९ पासून) यांचे सुरुवातीचे खंड आधी बाजूला काढा. त्याहून मोलाचं : समासात हाताने टिपणं केलेल्या टीका, इनाम-वतनावरची जुनी पुस्तकं, मराठीतली कायद्याची पुस्तकं, जिल्ह्यापुरते छापलेले नियम. हे ऑनलाइन कुठेच नसतं.

आधी यादी करा. रकाने : क्रमांक, लेखक, शीर्षक, आवृत्ती, वर्ष, खंड, स्थिती (चांगली / बांधणी सुटलेली / कीड). दोन माणसं दिवसाला १५० पुस्तकं नोंदवू शकतात, म्हणजे १२ दिवसांचं काम. यादीशिवाय पत्र पाठवलं तर उत्तर येणार नाही. "सगळी घ्या नाहीतर एकही नाही" ही अट घालू नका. ग्रंथालयाला निवडायचा आणि दुबार प्रती पुढे द्यायचा हक्क द्या. जी उरतील त्यांच्यासाठी बार लायब्ररी आहे. मराठी आणि स्थानिक पुस्तकांसाठी १८४० पासूनचं आपलं सार्वजनिक वाचनालयही विचारून बघा.

बांधाबांध नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा, पावसाळ्यात मुळीच नाही. माडीवरची ओल घेऊन पुस्तक खोक्यात गेलं की तीन आठवड्यांत बुरशी. खोकं १५ किलोच्या वर भरू नका, किमान २१० खोकी होतील. कीड लागलेली पुस्तकं वेगळ्या पिशवीत बंद करून, वर खूण करून द्या. एका खोक्यातली कसर सगळ्या ग्रंथालयाला लागते. आणि पुस्तकं जिन्यावरून उतरवताना ती सगळी एकाच वेळी माडीच्या एका कोपऱ्यात रचू नका. तीन टन आहेत, वाडा जुना आहे.

मसुदेवाला, बुधवार सकाळी १०.१०

पुस्तकं जंगम मालमत्ता, ताबा दिला की देणगी पुरी होते, नोंदणीकृत बक्षीसपत्राची सक्ती नाही (मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम १२३). पण ती वारसाने सगळ्यांची आहेत. सगळ्या वारसांची संमती एका कागदावर घ्या, लग्न होऊन गेलेल्या मुलींची आणि परदेशातल्यांचीही. "पुस्तकांना कोण विचारतंय" म्हणतात आणि नेमका तोच प्रश्न पाच वर्षांनी येतो.

दप्तरांबद्दल कडक सांगतो : ती विद्यापीठाला द्यायची नाहीत. पक्षकाराने वकिलाला सांगितलेलं आणि दाखवलेलं त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही, आणि ही जबाबदारी काम संपल्यावरही चालू राहते (आता साक्ष अधिनियमाचं कलम १३२, पूर्वीचं १२६). संशोधकांना उपयोग होईल हे खरं आहे, पण तो निर्णय कुटुंबाचा नाही, पक्षकाराचा.

दप्तरात मूळ खरेदीखतं, सनदा, मृत्युपत्रं असतील तर ती वेगळी काढून पक्षकाराला किंवा त्याच्या वारसाला पोच घेऊन परत करा. फी बाकी आहे म्हणून वकिलाला कागद अडवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच स्पष्ट केलंय. आणखी एक बारकावा आहे. ३० वर्षांहून जुना दस्त "योग्य ताब्यातून" आला तर त्याच्यावरच्या सह्या खऱ्या असल्याचं अनुमान कोर्ट धरू शकतं. तो ग्रंथालयाच्या कपाटात जाऊन बसला तर ताब्याबद्दलच वाद घालायला समोरच्याला आयतं निमित्त.

हिशेबनीस, बुधवार दुपारी २.००

कर. पुस्तकांवर वजावट मिळत नाही, ती फक्त पैशांच्या देणगीवर. २,००० रुपयांवरची रोख देणगी चालत नाही. वजावट ५० टक्के की १०० हे घेणाऱ्या संस्थेच्या मंजुरीवर ठरतं, म्हणून विद्यापीठाच्या वित्त विभागाकडून ते आधीच लेखी घ्या आणि नंतर देणगीचं प्रमाणपत्र मागायला विसरू नका. पावती आहे पण प्रमाणपत्र नाही, अशाने दावा अडतो. आणि कुटुंबातले जे नव्या करपद्धतीत आहेत त्यांना ही वजावटच नाही. रक्कम कोणाच्या खात्यातून जाते ते त्यावरून ठरवा. पत्रात "ही रक्कम कायम निधीसाठी आहे, फक्त व्याज खर्च करावं" असं स्वच्छ लिहा.

जुना नाझर, बुधवार संध्याकाळी ७.२५

एक गोष्ट कोणी काढली नाही. मूळ पोस्टमध्ये आहे की कुटुंबातल्या एक बाई विद्यापीठाच्या मंडळावर आहेत.

बार कौन्सिलचा नियम आहे : वकील ज्या संस्थेच्या कार्यकारी समितीवर असेल त्या संस्थेच्या बाजूने किंवा विरुद्ध त्याने कोर्टात उभं राहू नये. मंडळ कार्यकारी स्वरूपाचं आहे का ते तपासा. असेल तर विद्यापीठाची वकीलपत्रं आणि ते पद यांतलं एकच. नसलं तरी देणगीचा विषय निघेल त्या बैठकीत त्यांनी बाहेर जावं आणि इतिवृत्तात तशी नोंद व्हावी. पदकाच्या निवडीत कुटुंबाचा माणूस असूच नये. कुटुंबातलं कोणी त्याच परीक्षेला बसलं असेल तर त्या वर्षी काय, हेही एका ओळीत लिहून टाका.

शिकवणं मात्र चालतं. वकिली चालू ठेवून दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवायला मुभा आहे, १९७९ च्या नियमांनुसार. मधल्या पिढीने तेच केलं असणार.

आणि पदकाला नाव पणजोबांचं द्या, "अमुक अँड असोसिएट्स"चं नको. व्याख्यानाच्या फलकावर आताच्या ऑफिसचा पत्ता आणि फोन टाकला तर बार कौन्सिलच्या नियम ३६ खाली जाहिरातीची तक्रार करायला कुणीही मोकळा.

गोदाकाठ, गुरुवार सकाळी ११.३०

सगळ्यांचे आभार. कुटुंबाशी बोलून असं ठरतंय : ठेव १० लाख, फक्त पदकासाठी, ४० टक्के व्याज मुद्दलात. व्याख्यान दर दोन वर्षांनी वेगळ्या देणगीतून, पुस्तिकेसह. पदक "पुराव्याचा कायदा" विषयात, तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला, नाशिक जिल्ह्यातल्या कॉलेजांपुरतं. पुस्तकांची यादी दिवाळीनंतर. दप्तरं बाहेर जाणार नाहीत, मूळ दस्त परत करायचे.

एकच शंका. पदकाच्या नावात "कै." लावायचं का?

सराफ बाजार, गुरुवार दुपारी १२.१५

नका लावू. ४० मिलिमीटरवर आधीच जागा नाही, आणि ते "कै." पुसट झालं की नावच चुकीचं वाचतात. "ॲड." मात्र ठेवा, पूर्णविरामासकट.

मसुदेवाला, गुरुवार दुपारी १२.४०

आणि करारात, ठरावात, ठशावर नावाचं शुद्धलेखन एकच ठेवा. ऱ्हस्व-दीर्घासह. तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिलेलं नाव पुढच्या लेखापरीक्षणात तीन वेगळी पदकं म्हणून येतं.